मेक्सिकोतील प्रेक्षणीय स्थळे : निवडीचा इतिहास

मेक्सिकोतील प्रेक्षणीय स्थळे : उत्तर अमेरिका खंडाच्या दक्षिण भागातील मेक्सिको या संघीय प्रजासत्ताकातील पर्यटनस्थळे व त्यांच्या निवडीची परंपरा. देशाचे क्षेत्रफळ सु. १९,६४,००० चौ. किमी., म्हणजे भारताच्या सु. तीन पंचमांश आहे. ३१ राज्ये व राजधानी मेक्सिको सिटी यांत विभागलेल्या या देशात हजारो पुरातत्त्वीय अवशेष, तीन शतकांच्या स्पॅनिश अंमलात वसलेली शहरे, दोन महासागरांचे किनारे, ज्वालामुखी आणि वाळवंटे आहेत. एका प्रवासात हे सर्व पाहणे अशक्य असल्याने निवड अपरिहार्य ठरते. तथापि बहुसंख्य प्रवासी ज्यांची निवड करतात, ती स्थळे थोडी व ठराविक आहेत : मेक्सिको सिटी, तेओतिवाकान, प्वेब्ला, ग्वानाह्वातो, वाहाका व मोंते आल्बान, पालेंके, उश्माल, चिचेन इत्सा आणि कानकून. ही यादी केवळ स्थळांच्या अंगच्या गुणांमुळे तयार झालेली नाही. यात्रेकरू, संशोधक, रेल्वे व रस्ते, राज्यकर्ते आणि शेवटी बँका यांनी ती टप्प्याटप्प्याने घडविली. कोणते अवशेष उकरावयाचे, कोणत्या झाडीत तसेच ठेवावयाचे, कोणत्या गावाकडे रस्ता न्यावयाचा आणि कोणाची जमीन घ्यावयाची, हे या निवडींमुळे ठरत गेले.

भूरचना व ऋतुमान : देशाच्या पूर्वेस व पश्चिमेस सिएरा माद्रे या नावाच्या पर्वतरांगा असून त्यांच्या दरम्यान विस्तीर्ण पठार आहे. पठाराच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सु. २,२४० मी. उंचीवर, मेक्सिको सिटी वसलेली आहे. उष्ण कटिबंधात असूनही येथील हवा सौम्य असते. आग्नेयीकडील युकातान द्वीपकल्प सपाट व चुनखडीचा असून त्याच्या उत्तर भागात भूपृष्ठावरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. जमीन खचून उघडे पडलेले नैसर्गिक जलकुंड (सेनोते) हाच तेथे पाण्याचा मुख्य आधार होता. त्यामुळे माया लोकांची नगरे अशा कुंडांच्या आश्रयाने वाढली. देशाच्या बहुतेक भागात जून ते ऑक्टोबर हा पावसाळा असून किनाऱ्यांवर याच सुमारास चक्री वादळे होतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ प्रवासास सोयीचा असतो.

यात्रांचा काळ : स्पॅनिश आक्रमणापूर्वीही मेक्सिकोत लोक दूरवरची स्थळे पाहण्यास जात; मात्र त्यांची निवड धर्मश्रद्धेने ठरलेली असे. तेओतिवाकान हे नगर इ. स. च्या पहिल्या काही शतकांत भरभराटीस आले व पुढे उजाड झाले. १३२५ च्या सुमारास तेनोच्तित्लान (सध्याचे मेक्सिको सिटी) वसविणाऱ्या ॲझटेकांना ते अवशेषरूपातच आढळले. देवांनी जेथे विश्वाची पुनर्घटना केली ते हे स्थान, अशी त्यांची श्रद्धा होती व नगराचे प्रचलित नावही त्यांनीच दिलेले आहे. तेथून आणलेल्या वस्तू त्यांनी आपल्या प्रमुख मंदिरात पुरल्याचे उत्खननांत आढळले आहे. चोलूला, चिचेन इत्सा येथील पवित्र जलकुंड आणि कोसुमेल बेट ही अन्य यात्रास्थाने होत.

१५१९–२१ मध्ये एर्नान कोर्तेसने ॲझटेक साम्राज्य जिंकल्यावर जुनी देवळे पाडण्यात आली. परंतु यात्रेच्या जागा पुष्कळदा त्याच राहिल्या. आकारमानाने जगातील सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या चोलूला येथील पिरॅमिडवर ख्रिस्ती चर्च उभे राहिले. मेक्सिको सिटीजवळील तेपेयाक टेकडीवर १५३१ मध्ये मेरी मातेने दर्शन दिल्याची श्रद्धा असून ग्वादालूपच्या या मातेचे मंदिर आजही देशातील सर्वांत गर्दीचे यात्रास्थान आहे. परदेशी प्रवाशांच्या याद्यांत त्याला दुय्यम स्थान मिळते. १२ डिसेंबरच्या उत्सवास मात्र देशभरातून लाखो मेक्सिकन लोक तेथे येतात, पुष्कळसे पायी.

वसाहतकाल : स्पॅनिश राजवटीने परकीयांच्या प्रवेशावर कडक निर्बंध ठेवले होते. अवशेषांविषयीची माहिती प्रामुख्याने धर्मोपदेशकांनी नोंदली. दिएगो दे लांदा याने युकातानमधील नगरांचे व चालीरीतींचे तपशीलवार वर्णन लिहिले. त्यानेच १५६२ मध्ये मानी या गावी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दृष्टिकोन हळूहळू बदलू लागला. १७८७ मध्ये आंतोन्यो देल रिओ याने शासनाच्या आदेशावरून पालेंकेची पाहणी केली. १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात काम चालू असताना कोआत्लिक्वे या देवतेची प्रचंड मूर्ती आणि ‘सूर्यशिला’ म्हणून ओळखली जाणारी कोरीव शिळा सापडली. सूर्यशिला कॅथीड्रलच्या भिंतीशी लावण्यात आली आणि तेथे ती सु. एक शतक राहिली. सर्पांचे वस्त्र व मानवी हातांची माळ असलेली कोआत्लिक्वेची मूर्ती विद्यापीठात नेण्यात आली; परंतु लोक तिची पुन्हा पूजा करू लागतील, या भीतीने ती अंगणात पुरून टाकण्यात आली. एकाच चौकात सापडलेल्या दोन शिल्पांपैकी एक भिंतीवर आणि दुसरे मातीखाली, असा हा निवाडा झाला.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फोन हंबोल्ट (१७६९–१८५९) मार्च १८०३ मध्ये आकापुल्को येथे उतरला. त्याच्या विनंतीवरून कोआत्लिक्वेची मूर्ती त्याला पाहता यावी म्हणून उकरण्यात आली व नंतर ती पुन्हा पुरण्यात आली. सु. एक वर्षाच्या मुक्कामात हंबोल्टने ग्वानाह्वातोच्या चांदीच्या खाणी, होरुयो ज्वालामुखी, चोलूला व राजधानी यांचा अभ्यास केला. त्याच्या ग्रंथांमुळे पठारावरील ही स्थळे यूरोपीय वाचकांना परिचित झाली. युकातानला तो गेला नाही. त्यामुळे माया प्रदेश आणखी काही दशके या यादीबाहेर राहिला.

स्टीव्हन्स व कॅथरवुड : १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर परदेशी प्रवाशांचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकन वकील जॉन लॉइड स्टीव्हन्स (१८०५–५२) व इंग्रज चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड यांनी १८३९ ते १८४२ या काळात दोन प्रवास करून पालेंके, उश्माल, चिचेन इत्सा, तुलूम इ. स्थळांची वर्णने व रेखाचित्रे १८४१ आणि १८४३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची पुस्तके अतिशय लोकप्रिय झाली. माया स्थळांची आजची यादी बव्हंशी या दोघांच्या मार्गावर आधारलेली आहे. ही नगरे ईजिप्शियन वा अन्य परकीयांनी बांधली असावीत, असे त्या काळी अनेक विद्वान म्हणत. स्टीव्हन्सने हे मत अमान्य करून, आसपास राहणाऱ्या शेतकऱ्यांच्याच पूर्वजांनी ती उभारली, असा निष्कर्ष काढला. पुढील संशोधनाने तो बरोबर ठरला. तथापि त्याने काही कोरीव लाकडी तुळया व शिल्पे न्यूयॉर्कला नेली आणि १८४२ मध्ये कॅथरवुडच्या प्रदर्शनगृहास लागलेल्या आगीत ती नष्ट झाली.

स्टीव्हन्सच्या दुसऱ्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी युकातानात माया शेतकऱ्यांचे मोठे बंड उद्‌भवले. ‘जातियुद्ध’ या नावाने ओळखला जाणारा हा संघर्ष १८४७ पासून १९०१ पर्यंत चालू राहिला. द्वीपकल्पाच्या पूर्व भागात बंडखोरांनी चान सांता क्रूस हे केंद्र करून स्वतंत्र सत्ता टिकविली. तुलूमचे अवशेषही त्यांच्या ताब्यातील प्रदेशात होते व बाहेरच्यांना तेथे जाणे धोक्याचे होते. मेक्सिकन सैन्याने १९०१ मध्ये चान सांता क्रूस घेतले आणि पुढील वर्षी किंताना रो हा केंद्रशासित प्रदेश निर्माण करण्यात आला. पूर्व किनारा दीर्घकाळ विरळ वस्तीचा राहण्यामागे हे युद्ध एक महत्त्वाचे कारण होते.

पोर्फीर्यो दीआसची राजवट : मेक्सिको सिटी ते व्हेराक्रूस हा लोहमार्ग १८७३ मध्ये आणि अमेरिकेच्या सरहद्दीपासून राजधानीपर्यंतचा मार्ग १८८४ मध्ये पूर्ण झाला. पोर्फीर्यो दीआसच्या कारकीर्दीच्या (१८७६–१९११, मध्यंतरीची चार वर्षे वगळता) अखेरीस देशात १९,००० किमी.हून अधिक लोहमार्ग होते. रेल्वेने जोडलेली स्थळे प्रवासी मार्गदर्शिकांत आली, इतर मागे पडली. प्राचीन अवशेष हे राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे साधन आहे, हे दीआसच्या शासनाने ओळखले. १८८५ मध्ये लेओपोल्दो बात्रेस याची स्मारकांचा निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८९७ च्या कायद्याने पुरातत्त्वीय स्मारके राष्ट्राच्या मालकीची ठरली. स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीपूर्वी (१९१०) तेओतिवाकान तयार असावे म्हणून बात्रेसने १९०५ पासून सूर्य-पिरॅमिडचे उत्खनन घाईने केले. त्यात पिरॅमिडचा काही मीटर जाडीचा बाह्य थर काढला गेला. सु. ६५ मी. उंचीच्या या वास्तूचा आज दिसणारा आकार त्यामुळे मूळ आकाराहून वेगळा आहे. सप्टेंबर १९१० मध्ये शताब्दीनिमित्त आलेल्या विद्वानांना हे स्थळ दाखविण्यात आले आणि तेव्हापासून राजधानीहून करावयाची पहिली सहल म्हणजे तेओतिवाकान, हे ठरून गेले.

कायद्याने स्मारके राष्ट्राची झाली, तरी त्यांखालील जमीन पुष्कळ ठिकाणी खाजगी राहिली. चिचेन इत्सा ज्या मळ्यात होते, तो एडवर्ड हर्बर्ट टॉम्सन या अमेरिकन वकिलातीतील अधिकाऱ्याने विकत घेतला. १९०४ पासून त्याने पवित्र जलकुंडातील गाळ उपसून काढलेल्या सोन्याच्या, जेडच्या व इतर वस्तू हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयाकडे पाठविल्या. त्यांतील काही पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या. मळ्याची जमीन नंतर युकातानमधील पर्यटन-व्यवसायाचा पाया घालणाऱ्या बार्बाचानो कुटुंबाकडे गेली आणि प्रमुख वास्तूंखालील जमीन युकातान राज्याने विकत घेतली, ती २०१० मध्ये. तोपर्यंत देशातील सर्वांत प्रसिद्ध राष्ट्रीय स्मारकांपैकी एक खाजगी जमिनीवर उभे होते.

क्रांतीनंतरचा काळ : १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर निवडीची दृष्टी बदलली. मानुएल गामियो (१८८३–१९६०) या मानवशास्त्रज्ञाने तेओतिवाकानच्या खोऱ्याचा अभ्यास करून १९२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात पिरॅमिडांबरोबरच खोऱ्यातील तत्कालीन शेतकऱ्यांचे आरोग्य, जमीनधारणा, शिक्षण व कारागिरी यांचा विचार होता. अवशेष पाहावयाचे आणि भोवतीच्या माणसांकडे दुर्लक्ष करावयाचे, ही रीत त्याला मान्य नव्हती. याच दशकात शिक्षणमंत्री होसे व्हास्कोन्सेलोस याच्या प्रोत्साहनाने सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर चित्रे काढण्याची चळवळ सुरू झाली. दिएगो रिव्हेरा (१८८६–१९५७) याने शिक्षण मंत्रालयात, चापिंगो येथील शेतकी विद्यालयात व राष्ट्रीय प्रासादात काढलेली भित्तिचित्रे स्वतंत्रपणे प्रेक्षणीय ठरली. चापिंगोच्या विद्यालयात वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू १९६७) हे प्राध्यापक होते. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. शिक्षण मंत्रालयातील एका भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपाने रिव्हेराने खानखोजे यांनाच चितारले, असे मानतात.

अमेरिकन प्रवाशांसाठी अनीता ब्रेनर, फ्रान्सिस टूर इ. लेखिकांनी १९३० नंतर मार्गदर्शिका लिहिल्या. त्यांत लोककला, बाजार व सण यांना महत्त्वाचे स्थान मिळाले. वाहाका शहराच्या चारशेव्या वर्धापनानिमित्त १९३२ मध्ये राज्यातील विविध जमातींच्या नृत्यांचा समारंभ झाला. आजचा ‘गेलागेत्सा’ उत्सव त्यातून विकसित झाला. त्याच वर्षी आल्फोन्सो कासो (१८९६–१९७०) याला शहराजवळील मोंते आल्बान येथील सातव्या क्रमांकाच्या थडग्यात मिश्तेक कारागिरांचे सुवर्णालंकार सापडले. हा ठेवा वाहाकातच राहावा, असा तेथील लोकांचा आग्रह होता. आज तो शहरातील सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेच्या सरहद्दीवरील न्वेव्हो लारेदो ते मेक्सिको सिटी हा मोटाररस्ता १९३६ मध्ये खुला झाला आणि स्मारकांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली. या संस्थेतर्फे काम करणाऱ्या आल्बेर्तो रूस याने १९५२ मध्ये पालेंकेच्या ‘शिलालेखांच्या मंदिरा’खाली एका माया राजाचे थडगे शोधून काढले. पूर्वीपासून ज्ञात असलेल्या या स्थळाचे महत्त्व त्यामुळे कितीतरी वाढले.

राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय : १७ सप्टेंबर १९६४ रोजी मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक उद्यानात हे संग्रहालय उघडण्यात आले. त्याचा वास्तुशिल्पज्ञ पेद्रो रामीरेस व्हास्केस होय. देशभरातील अवशेष एका छपराखाली आणण्याच्या या प्रयत्नात कोआत्लिन्चान या गावातील सु. १६८ टन वजनाची प्रचंड शिळा हलविण्याचे ठरले. पर्जन्यदेव त्लालोकची मूर्ती म्हणून ती ओळखली जाते. गावकऱ्यांनी वाहून नेणाऱ्या वाहनाची मोडतोड केली. अखेर सैन्याच्या बंदोबस्तात एप्रिल १९६४ मध्ये ती राजधानीत आणण्यात आली. त्या रात्री, पावसाळा नसतानाही, शहरात मोठा पाऊस पडला. संग्रहालयाबाहेरच्या हमरस्त्यालगत ही शिळा आता उभी आहे आणि गावाच्या चौकात तिची प्रतिकृती आहे.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर पुरातत्त्वीय दालने असून अंगणाच्या टोकाला, केंद्रस्थानी, ॲझटेकांचे दालन व त्यात सूर्यशिला आहे. वरच्या मजल्यावर हयात असलेल्या मूळ रहिवासी जमातींची दालने आहेत. भारतात मेक्सिकोचे राजदूत राहिलेले (१९६२–६८) कवी ओक्ताव्ह्यो पास यांनी १९७० मध्ये या मांडणीवर टीका केली. अनेक संस्कृतींपैकी ॲझटेकांच्या सत्तेलाच राष्ट्राचा कळस ठरविण्यात आले आहे, असा तिचा रोख होता. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीतील त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराच्या निषेधार्थ त्यांनी राजदूतपद सोडले होते. या चौकात ॲझटेक मंदिराचे अवशेष, स्पॅनिश चर्च व विसाव्या शतकातील इमारती एकमेकींलगत आहेत. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना मुख्य चौकाजवळ कोयोल्शाउकी या देवतेची कोरीव शिळा सापडल्यावर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा याच्या मार्गदर्शनाखाली ॲझटेकांच्या प्रमुख मंदिराचे उत्खनन झाले. त्यासाठी त्यावरील नंतरच्या काळातील अनेक इमारती पाडाव्या लागल्या.

सागरकिनारे : आकापुल्को हे १५६५ ते १८१५ या काळात मानिलाहून येणाऱ्या गलबतांचे बंदर होते. आशियातील रेशीम, मसाले व चिनी मातीची भांडी या मार्गाने मेक्सिकोत येत. राजधानीशी रस्त्याने जोडले गेल्यावर, विशेषतः मिगेल आलेमान अध्यक्ष असताना (१९४६–५२), ते विहारस्थान म्हणून विकसित करण्यात आले. त्यासाठी शेतकऱ्यांच्या सामाईक (एहिदो) जमिनी घेण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ओटिस’ या चक्री वादळाने शहराची मोठी हानी झाली.

कानकूनची निवड वेगळ्या पद्धतीने झाली. परकीय चलन मिळविण्यासाठी नवी किनारी केंद्रे उभारावीत, असा विचार मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने १९६० नंतरच्या दशकात केला. हवामान, पाण्याचे तापमान, वाळू, वादळे, स्थानिक रोजगार इत्यादींची आकडेवारी जमवून जागांची तुलना करण्यात आली. त्यातून कानकून, इश्तापा, लोस काबोस, लोरेतो व वातुल्को ही केंद्रे पुढे आली. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने कानकूनचे काम १९७० च्या सुमारास सुरू झाले आणि १९७४ मध्ये किंताना रो हे राज्य झाले. कोळ्यांची तुरळक वस्ती असलेल्या त्या जागी उभ्या राहिलेल्या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सु. ८·९ लाख होती. नियोजकांच्या तक्त्यांत हा किनारा जवळजवळ निर्जन होता. तो तसा का राहिला, याचे एक उत्तर मात्र जातियुद्धाच्या इतिहासात आहे. बंडखोर मायांचे वंशज पुढे हॉटेलांच्या बांधकामावर व त्यांतील नोकऱ्यांसाठी या किनाऱ्यावर येऊ लागले.

मान्यता व तिचे परिणाम : जागतिक वारसा यादीत मेक्सिकोची पहिली स्थळे १९८७ मध्ये आली. मेक्सिको सिटीचा जुना भाग व सोचिमिल्को, वाहाका व मोंते आल्बान, प्वेब्ला, तेओतिवाकान, पालेंके आणि सिआन काआन हे निसर्गक्षेत्र ती होत. पुढील वर्षी चिचेन इत्सा व ग्वानाह्वातो यांची भर पडली. कमी परिचित गावांकडे प्रवासी वळावेत म्हणून शासनाने २००१ मध्ये ‘जादुई गावे’ ही योजना सुरू केली. २०२३ मध्ये अशा गावांची संख्या १७७ झाली. सणांचीही निवड होते. एका इंग्रजी चित्रपटात (२०१५) मेक्सिको सिटीतील मृतदिनाची भव्य मिरवणूक दाखविण्यात आली. तशी मिरवणूक तोवर तेथे निघत नव्हती. २०१६ पासून ती काढण्यात येऊ लागली. घरोघरी व स्मशानात पूर्वजांना अन्न, फुले व दिवे अर्पण करण्याची मूळ प्रथा मात्र जुनी आहे.

मान्यतेमुळे अवशेषांना संरक्षण मिळते, परंतु उत्पन्न कोणाचे हा प्रश्न उरतो. च्यापास राज्यातील चिंकुल्तिक या माया स्थळाचा ताबा २००८ मध्ये गावकऱ्यांनी घेतला. तो सोडविण्यासाठी झालेल्या पोलिस कारवाईत सहा जण मरण पावले. मिचोआकानच्या डोंगरांत हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या मोनार्क फुलपाखरांची वसतिस्थाने १९७५ मध्ये शास्त्रज्ञांना कळली. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती. अरण्य राखीव झाल्यावर तेथील वृक्षतोडीवर बंधने आली आणि लाकडावर जगणाऱ्या कुटुंबांना प्रवाशांच्या अल्पकालीन हंगामावर अवलंबून राहावे लागले. द्वीपकल्पाभोवतीच्या सु. १,५०० किमी. लांबीच्या ‘माया रेल्वे’चे काम २०२० मध्ये सुरू होऊन पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. दूरची गावे व अवशेष यांना तिचा लाभ होईल, असे तिचे समर्थक म्हणतात. तर जंगलतोड आणि चुनखडीच्या गुहांत रोवलेले खांब यांमुळे भूमिगत पाण्यास धोका आहे, असा विरोधकांचा आक्षेप आहे. चिचेन इत्सा येथील कुकुल्कान पिरॅमिडवर चढण्यास २००६ पासून बंदी आहे.

प्रवासाची आखणी : दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासात सर्व देश पाहण्याऐवजी एखादा विभाग निवडणे श्रेयस्कर होय. पहिल्या विभागात मेक्सिको सिटी, तेओतिवाकान, प्वेब्ला व चोलूला आणि उत्तरेकडील केरेतारो व ग्वानाह्वातो ही चांदीच्या व्यापाराशी निगडित शहरे येतात. ॲझटेक, स्पॅनिश व आधुनिक असे इतिहासाचे तिन्ही थर येथे कमी अंतरात दिसतात. दुसऱ्यात वाहाका, मोंते आल्बान, मित्ला, सान क्रिस्तोबाल दे लास कासास व पालेंके यांचा समावेश होतो. हा भाग डोंगराळ असून प्रवासास वेळ लागतो, परंतु सापोतेक, मिश्तेक व माया भाषा बोलणारे समाज येथे मोठ्या संख्येने आहेत आणि आठवड्याचे बाजार अद्यापि टिकून आहेत. तिसरा विभाग युकातानचा. मेरिदा शहरात मुक्काम केल्यास उश्माल व चिचेन इत्सा ही दोन्ही स्थळे पाहता येतात. दक्षिणेकडील अरण्यातील कालाकमुल हे विस्तीर्ण नगर त्यांच्या तुलनेने निवांत आहे. उत्तरेकडे चिवावा ते पॅसिफिक किनारा हा १९६१ मध्ये पूर्ण झालेला लोहमार्ग ताम्र दरीच्या (बार्रांका देल कोब्रे) प्रदेशातून जातो; तेथे रारामुरी जमातीची वस्ती आहे. मानवशास्त्र संग्रहालय प्रवासाच्या आरंभी पाहिल्यास पुढील अवशेषांचा कालक्रम ध्यानात राहतो, आणि वरच्या मजल्यावरील दालने वगळली नाहीत तर त्या अवशेषांभोवतीची माणसेही अपरिचित वाटत नाहीत.

यादीत नव्याने दाखल झालेले एक स्थळ या इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पश्चिम मेक्सिकोतील विशारिका (ह्विचोल) लोक पॅसिफिक किनाऱ्यापासून सान लुईस पोतोसी राज्यातील विरिकुता या वाळवंटी प्रदेशापर्यंत, वाटेतील झरे व डोंगर पूजीत, पिढ्यान्‌पिढ्या यात्रा करीत आले आहेत. विरिकुताच्या परिसरात चांदीच्या खाणीस दिलेल्या परवान्यांना त्यांनी कसून विरोध केला. लगतचे रेआल दे कातोर्से हे जुन्या खाणींचे गाव ‘जादुई गावां’च्या पहिल्या यादीतच होते. सु. ५०० किमी.चा हा यात्रामार्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. येथील जागा कोणा संशोधकाने, मंत्रालयाने वा बँकेने निवडलेल्या नसून यात्रेकरूंनीच पवित्र मानलेल्या आहेत. विरिकुता येथे मिळणारी पेयोते ही निवडुंग वर्गातील वनस्पती त्यांच्या विधींत आवश्यक असते. ती बाहेरच्यांनी तोडू नये व विधींच्या वेळी तेथे गर्दी करू नये, अशी विशारिकांची अपेक्षा आहे. जवळच्या पर्यटनकेंद्रातून वाढत्या संख्येने येणाऱ्या प्रवाशांपासून या मार्गाचे पावित्र्य कसे जपले जाते, यावर त्याला मिळालेल्या मान्यतेचे फलित अवलंबून राहील.